दोरखेडला धूर बंद झाला त्याची गोष्ट

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजे आपल्या आजारी माणसाच्या उशाशी स्वतः बसत आणि त्याचे पाय चेपत. खरं वाटत नसेल तर नका मानू, पण ऐका तरी. लहानांनी पुढे बसा, मोठ्यांनी मागे. आणि आधीच सांगून ठेवते, मला तंबाखूच्या वासाने मळमळतं. तेव्हा ही चिलमीची तरफदारी करतेय असं नंतर कुणी म्हणायचं नाही.

त्या काळी एका राज्यात दोरखेड नावाचं गाव होतं. अख्खं गाव दोर वळायचं. तळ्यात अंबाडी भिजत घालायची, ती सोलून तिचा वाख काढायचा, वाख उन्हात वाळवायचा. मग एकाने चाक फिरवायचं आणि दुसऱ्याने मागे मागे चालत दोर वळायचा. विहिरीचे दोर, होड्यांचे दोर, राजाच्या हत्तींचे दोर, सगळे तिथलेच. प्रत्येक घरामागे वाखाचं कोठार आणि कोठारावर गवताचं छप्पर. वाळलेला वाख तो, ठिणगी पडायचाच अवकाश.

म्हणून त्या गावात दोन रीती होत्या. राजाने घालून दिलेल्या नव्हत्या. कधीकाळी अर्धं गाव जळालं, त्यानंतर गावानेच लावून घेतलेल्या.

पहिली रीत अशी, की चिलीम घरात ओढायची नाही. तळ्याकाठी दगडी ओटा होता, तिथेच ओढायची. सगळ्यांच्या चिलमी तिथेच खुंट्यांना टांगलेल्या. निंबा आजा म्हणून एक म्हातारा होता, तो संध्याकाळी प्रत्येकाची चिलीम भरून द्यायचा. माणशी एक. ओढून झाली की विस्तव तळ्यात, चिलीम खुंटीवर, आणि माणूस घरी. दुसरी मागणाऱ्याला निंबा आजा अशा शिव्या द्यायचा की तो महिनाभर पहिलीसुद्धा लाजत ओढायचा.

दुसरी रीत अशी, की कुणालाही जळका वास आला तर हातातलं काम टाकून ओरडायचं. मग सगळ्यांनी घागरी घेऊन त्या घराकडे धावायचं. दहातल्या नऊ वेळा कुणाची तरी भाकरी करपलेली निघायची. लोक त्या बाईची यथेच्छ थट्टा करायचे आणि घागरी घेऊन परत जायचे.

याच गावात भिवरा आणि तिचा नवरा म्हाळू राहायचे. म्हाळू चाक फिरवायला लागला की त्याच्याइतका एकसारखा पीळ कुणाला जमत नसे. पण त्याला चिलमीचं फार वेड. पाहावं तेव्हा खोकायचा. भिवराने अबोला धरून पाहिला, माहेरी जाऊन पाहिलं, देवाला नवस बोलून पाहिला. म्हाळू हसायचा आणि म्हणायचा, "सुंभ जळेल, पण पीळ जळायचा नाही."

शेवटी भिवरा निंबा आजाकडे गेली. म्हाताऱ्याला म्हणाली, "आजा, यांच्या चिलमीत दर महिन्याला एक चिमूट कमी भरायची. यांना कळू द्यायचं नाही." म्हातारा गालात हसला. दोघांचं ठरलं. दर महिन्याला चिमूट कमी, मग अर्धी चिमूट कमी, असं दोन वर्षं चाललं होतं. म्हाळूची चिलीम निम्म्यावर आली होती आणि खोकलाही उतरत चालला होता. त्याला वाटायचं हल्ली तंबाखूच हलकी येते. आणखी दोन वर्षांत तो रिकामी चिलीम ओढून तृप्त होऊन घरी येईल, असं म्हणून भिवरा आणि निंबा आजा दोघं मनात खूश होती.

इकडे राजवाड्यात काय झालं ते ऐका.

राजाचा थोरला भाऊ वारला. त्याला गुडगुडीचं व्यसन होतं. छाती पोखरून गेली. राजा तीन महिने त्याच्या उशाशी बसला होता आणि श्वासासाठी तडफडणारा भाऊ त्याने डोळ्यांनी पाहिला. माणूस वाईट नव्हता हो राजा. वाईट असता तर ही गोष्ट सांगायलाच सोपी होती. भावाचं क्रियाकर्म आटोपल्यावर तो दरबारात आला आणि म्हणाला, आजपासून माझ्या राज्यात तंबाखूचा धूर निघता कामा नये.

राजवैद्य म्हातारा होता आणि स्पष्ट बोलायचा. तो म्हणाला, "महाराज, तंबाखू विषच आहे. पण माणसं कुठे ओढतात, कशी ओढतात, सोडवायला घरचे काय काय करतात, हे चार गावं फिरून एकदा विचारून घ्या. मग हुकूम काढा."

राजा म्हणाला, "विचारत बसेन तोवर किती जण मरतील? दादाचे हात कुणी बांधले असते, तर आज दादा असता."

वैद्य नमस्कार करून मागे सरला. खरं सांगू का, मीही सरले असते. ज्याचा भाऊ गेलाय त्याच्याशी काय वाद घालणार?

गावोगाव दवंडी पिटली. चिलमी चावडीवर फोडल्या. जो धूर काढताना सापडेल त्याच्या धंद्याचं साधन वर्षभर जप्त होईल, असा हुकूम झाला. कुंभाराचं चाक, सुताराची करवत, दोरखेडकराचं दोराचं चाक. आणि हे पाहायला गावोगाव माणसं नेमली. त्यांचं सरकारी नाव होतं आरोग्यरक्षक. लोक त्यांना हुंगे म्हणायचे, कारण ती दारोदार नाक वर करून वास घेत फिरत.

दोरखेडला हुंगा आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद कुणाला झाला असेल? भिवराला. तिने त्याला दारच्या ओट्यावर बसवलं, तांब्याभर ताक दिलं आणि राजाला आशीर्वाद दिले. दोन वर्षांचं काम राजाने एका दिवसात केलं, असं तिला वाटलं. निंबा आजा मात्र तळ्याकाठच्या रिकाम्या खुंट्या मोजत बसला. तळ्याकाठचा ओटा त्या दिवसापासून ओस पडला. पुढच्या थंडीत म्हातारा गेला, आणि त्याच्याबरोबर त्या दोघांचं गुपितही गेलं.

म्हाळूने सतरा दिवस काढले. चिडचिड केली, जेवण टाकलं, बैलावर ओरडला. भिवराने सगळं सोसलं. अठराव्या दिवशी तो कोठारात वाख आणायला गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा तोंडात बडीशेप होती. आता बडीशेप खाणारा पुरुष वाखाच्या कोठारातून बाहेर पडला, तर बायकोला काय कळायचं ते कळतंच.

कोणी तरी फुटक्या चिलमी जोडून गुपचूप विकत होतं. पूर्वी तळ्याकाठी जे पाण्याशेजारी, चारचौघांत, दिवसातून एकदा चालायचं, ते आता घरोघरच्या कोठारांत चालू झालं, वाळलेल्या वाखाच्या ढिगांत, दार लावून, घाईघाईने. भरून देणारा कुणी नाही, त्यामुळे माप नाही. म्हाळू एकाच्या तीन ओढायला लागला. खोकला पुन्हा चढला, पण आता तो उशीत तोंड खुपसून खोकायचा.

भिवरा संतापली. तिने ठरवलं की हुंग्याच्या कानावर घालायचं. तो चार शब्द सुनावेल, म्हाळू घाबरेल आणि सोडेल. ती जाणार त्याच आठवड्यात शेजारच्या एका बाईने नेमकं तेच केलं. हुंगा आला, पण शब्द सुनावायला नाही. हुकूम हुकूमच असतो. त्याने चाक उचलून गाडीत घातलं. ती बाई गाडीच्या मागे धावत म्हणत होती की मला एवढंच पाहिजे होतं की त्यांना कुणी तरी दटावावं. चाक गेल्यावर पोटाला काय? ते घर महिन्याभरात गाव सोडून गेलं. जाताना नवरा-बायको एकमेकांशी बोलतही नव्हती.

ते पाहिल्यापासून भिवराने तोंड शिवून घेतलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय? म्हाळू कोठारात शिरला की ती दारात ऊद जाळायची, म्हणजे वास झाकला जाईल. हळूहळू सगळ्याच घरांत ऊद जळायला लागला. परका माणूस म्हणाला असता, काय भाविक गाव आहे! हुंगे मुलांना विचारत, घरात कसला वास येतो रे? मुलं पढवल्यासारखी सांगत, उदाचा. आणि जळका वास आला की ओरडायची जी रीत होती, ती कुणी मोडली नाही, आपोआप बंद झाली. ओरडलं तर आधी घागरी येणार नाहीत, आधी हुंगा येणार. उगाच कुणाच्या घराचं चाक का घालवायचं? शेजाऱ्याकडून वास आला की माणसं आपली खिडकी लावून घेत. हा त्यांचा शेजारधर्म होता बरं का. वाईट मनाने कुणीच काही करत नव्हतं.

राजाकडे खलिते जात होते, दोरखेडला धूर नाही. राजा भावाच्या तसबिरीपुढे उभा राहून समाधान मानत होता. उंटावरून शेळ्या हाकल्या की सगळ्या शेळ्या गुणी दिसतात.

एकदा चैत्रातली दुपार होती. ऊन रणरणत होतं आणि वारा सुटला होता. भिवरा परसात वाख विंचरत बसली होती. तिला धुराचा वास आला. तिने मान वर केली तर कोठाराच्या फटीतून बारीक धूर निघत होता, आणि त्याच वेळी गल्लीच्या टोकाला हुंगा वळताना दिसला.

आजच मेला यायचा होता, आणि यांनाही आत्ताच तलफ यायची होती! ती उठली. कोठाराचं दार तिने घट्ट ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली, म्हणजे हुंग्याला वाटेल आत कुणी नाही. गोणपाट पाण्यात बुडवलं आणि दाराखालच्या फटीत कोंबलं. मग पुढच्या दारी येऊन तिने ऊद पेटवला आणि हुंग्याला हाक मारून ताक दिलं. आजूबाजूच्या घरांनाही वास आलाच होता. भिवरावर संकट नको म्हणून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

हुंगा ताक पिता पिता म्हणाला, वास जरा जास्तच येतोय. भिवरा म्हणाली, आज अमावस्या, म्हणून ऊद जास्त घातलाय. अमावस्या नव्हती. हुंग्यालाही ठाऊक होतं, पण उन्हात चालून तोही थकला होता आणि ताक थंड होतं. तिने त्याच्या आईची चौकशी केली, त्याच्या गावच्या पावसाची चौकशी केली. जेवढा वेळ त्याला दारात अडकवता येईल तेवढा ती अडकवत होती. आपण म्हाळूला वाचवतोय, असं तिला वाटत होतं.

आणि म्हाळू आत होता. त्याच्या चिलमीतला विस्तव वाखात पडला होता. तो धोतराने विझवत होता, पायाने तुडवत होता. बाहेरून हुंग्याचा आवाज त्याला ऐकू येत होता. ओरडलो तर चाक जाईल, भिवरा उघड्यावर पडेल, म्हणून तो ओरडला नाही. आपण भिवराला वाचवतोय, असं त्यालाही वाटत होतं.

मग छप्पर पेटलं.

तेव्हा मात्र सगळे धावले. हुंगासुद्धा धावला, त्याने ताकाचा तांब्या फेकला आणि हात भाजून घेत कडी काढली. म्हाळू दाराच्या आतच सापडला, कडीपासून हातभर अंतरावर. त्याचे दोन्ही हात दाराला टेकलेले होते. तो आगीने गेला नव्हता, धुराने गेला होता.

वारा होता, त्यामुळे त्या दिवशी एकवीस कोठारं जळाली. माणूस एकच गेला. त्या कडीवरून भिवराचं बोट कधी सुटलं नाही. जन्मभर ती बसल्या जागी अंगठा आणि बोट जुळवून कडी सरकवल्यासारखं करायची. हे सांगताना मला अजून गलबलून येतं.

तिसऱ्या दिवशी राजा स्वतः आला. राखेतून अनवाणी चालत भिवरापुढे येऊन उभा राहिला. त्याने विचारलं की भर दुपारी, भरल्या गावात, इतका धूर निघत असताना कुणीच कसं ओरडलं नाही? गाव खाली मान घालून उभं राहिलं. भिवरा बोलली.

"महाराज, धूर वाईटच होता. मी त्याच्याशी भांडत होते. हळूहळू जिंकतही होते. ते भांडण माझं होतं. तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेतलंत आणि मग मला माझ्याच नवऱ्याचा धूर लपवायला लावलंत."

राजाचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "बाई, मला तुमचं भलंच करायचं होतं."

"ते कळतंय," भिवरा म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला शिव्याशापही देता येत नाहीत."

राजाने त्याच जागी हुकूम मागे घेतला. हुंग्यांना घरी पाठवलं. जप्त केलेली चाकं परत केली, एकवीस कोठारं बांधून दिली. आता कुणी म्हणेल, चला, झालं, शहाणपण आलं, गोष्ट संपली. संपली असती तर मी पाणी पिऊन उठले असते.

वर्ष गेलं. राजा भावाला विसरला नव्हता. या वेळी त्याने राजवैद्याला बरोबर घेतलं, खोकल्याचा काढा घागरी भरून घेतला आणि तो पुन्हा दोरखेडला आला. शिपाई नाही, भालदार नाही, दवंडी नाही. तळ्याकाठी सतरंजीवर बसला आणि गावाला म्हणाला, "मी काही बंद करायला आलेलो नाही. ज्याची छाती दुखत असेल त्याने सांगा. तंबाखू सोडायची असेल तर वैद्यबुवा मदत करतील. नसेल सोडायची, तरी काढा घेऊन जा. कुणाला खोकला आहे?"

बायकांचे हात पदराच्या गाठीकडे गेले.

राजाने घराघराचं नाव घेऊन विचारलं. प्रत्येकाने हात जोडून सांगितलं, आम्ही ठणठणीत आहोत, महाराजांच्या कृपेने गावात कुणी ओढतच नाही. एक म्हातारा समोरच बसला होता. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. तो खोकला दाबून बसला होता. त्याच्या शेजारचीने पटकन त्याच्या तोंडात गुळाचा खडा घातला आणि ती राजाकडे पाहून हसली. गुळाचे खडे गावातल्या प्रत्येक बाईच्या पदराला बांधलेले आहेत, असं वैद्याच्या लक्षात आलं.

राजा भिवराकडे वळला. निदान ती तरी खरं सांगेल, असं त्याला वाटलं. भिवराने म्हाताऱ्याकडे पाहिलं, राजाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "महाराज, इथे कुणालाच खोकला नाही."

दिवस कलेपर्यंत राजा तिथे बसून राहिला. वैद्याने एकदाही, मी सांगितलं होतं, असं म्हटलं नाही. मग काढ्याच्या घागरी जशा आल्या तशाच, भरलेल्या, गाडीत चढवल्या, आणि गाडी गावाबाहेर पडली. शेवटच्या घराच्या पुढे गेल्यावर राजाला मागून आवाज ऐकू आला. आधी एक माणूस खोकला, मग दुसरा, मग गल्लीच्या गल्ली. राजाने गाडी थांबवायला सांगितलं. गाडी थांबली, आणि खोकलाही थांबला. तो म्हातारा वैशाखात गेला. काढा त्याच्या छातीसाठीच होता, असं वैद्य नंतर म्हणाला.

तर लहानांनो, आणि मागे बसून डुलक्या काढणाऱ्या मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: जे भलं धाकाने दारात उभं राहतं, त्याला पाहून माणसं दारं लावून घेतात, आणि मग पुढे ते हात जोडून आलं तरी दार उघडत नाही.